कंपनीत पहिल्यांदा जॉइन होताय? सेफ्टीत तुमचं काय काम आणि साहेबांचं काय काम

दरवर्षी जून-जुलै आला की मला फोन सुरू होतात. कुणाच्या मुलाचं आयटीआय झालेलं असतं, कुणाच्या मुलीचं केमिस्ट्रीत बीएससी, बडोद्याच्या आसपास नंदेसरी, मकरपुरा, पोर, मंजुसर अशा भागात कुठेतरी नोकरी लागलेली असते आणि घरच्यांचा प्रश्न एकच, ताई, कंपनी सेफ आहे ना? ह्या वेळी माझ्या बहिणीचाच मुलगा लागलाय, त्याला फोनवर जे तुकड्या-तुकड्यात सांगितलं ते सगळं एका जागी लिहून काढतेय. मी बडोद्यात केमिकल प्लांटमध्ये २१ वर्षं आहे, आधी लॅबमध्ये होते, मग सेफ्टीचा डिप्लोमा करून सेफ्टी डिपार्टमेंटला आले. कंपनी सेफ आहे की नाही हे मी बाहेरून नाही सांगू शकत, पण पहिल्या आठ दिवसांत ते तुम्हीच कसं ओळखायचं आणि त्यात तुमच्या वाट्याला काय येतं, ते सांगते.

आधी एका शब्दाबद्दल. इथल्या कुठल्याही शॉपफ्लोअरवर जा, दिवसातून पन्नास वेळा ऐकू येईल, 'चालसे', म्हणजे गुजरातीत 'चालेल'. बेल्टवरचा गार्ड काढून ठेवलाय, चालसे. गॉगल डोळ्यांवर सोडून कपाळावर, चालसे. परमिट नंतर बनवू, चालसे ने बेन. इतकी वर्षं इथे राहून आपण मराठी माणसंही तेच बोलतो. मी जेवढे अपघात जवळून बघितलेत त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या आधी कुणीतरी हे बोललेलं होतं. त्यामुळे हा शब्द कानावर पडला की हातातलं काम थांबवायचं आणि नक्की काय चालणार आहे ते बघायचं, एवढी एकच सवय लागली तरी खूप झालं.

जॉइन व्हायच्या आधी

अपॉइंटमेंट लेटर मागा. २०२० चा ओएसएच कोड, म्हणजे कामाच्या जागेवरची सुरक्षा आणि आरोग्याचा कायदा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालाय आणि त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याला लेटर द्यायचंच असं आहे. त्याच्या आधी कारखान्यातल्या सेफ्टीचे नियम १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये होते, आणि त्यातसुद्धा घातक केमिकलवाल्या कंपन्यांसाठी वेगळं प्रकरण आलं ते १९८७ मध्ये, भोपाळला डिसेंबर १९८४ मध्ये गॅस सुटून हजारो माणसं मेली त्यानंतर. जुने लोक अजून 'फॅक्टरी ॲक्टप्रमाणे' असंच बोलतात, गोंधळू नका.

लेटरवर कुणाचं नाव आहे ते बघा, कंपनीचं की कॉन्ट्रॅक्टरचं. बरीच मुलं सहा महिने काम करतात आणि विचारलं तर कॉन्ट्रॅक्टरचं नाव सांगता येत नाही, मग काही झालं की धावाधाव. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापला जायला पाहिजे, तुमच्याकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५. तो नंबर पहिल्याच आठवड्यात घ्या आणि फोटो काढून घरच्यांना पाठवून ठेवा, कारण कामावर लागलेल्या माराचं कव्हर ईएसआयमध्ये पहिल्या दिवसापासून असतं, पण नंबरच नसेल तर हॉस्पिटलच्या खिडकीवर घरचे काय दाखवणार.

शूज, हेल्मेट, गॉगलचे पैसे पगारातून कापतो म्हणाले तर तिथेच नाही म्हणा. सेफ्टीसाठी जे काही द्यायचंय त्याचा खर्च कर्मचाऱ्यावर टाकता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे.

पहिला दिवस

इंडक्शन होईल. एसी रूम, प्रोजेक्टर, दोन तास स्लाइड्स, नंतर सही. झोप येते हे मला माहितीये, पण सही करताना वाचा, कारण त्या कागदावर 'मला सगळं समजलं' असं लिहिलेलं असतं. गुजरातीत झालं आणि कळलं नाही तर हात वर करून सांगा की हिंदीत परत सांगा. लाजू नका. ज्याला कळलं नाही पण मान हलवली त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

स्लाइड्स संपल्या की कुणाला तरी सोबत घेऊन स्वतःच्या पायांनी फिरून या. असेंब्ली पॉइंट, म्हणजे धोक्याच्या वेळी सगळ्यांनी जमायची जागा, कुठे आहे, तुमच्या जागेवरून बाहेर पडायचे दोन रस्ते कुठले (दोन, कारण एक बंद असू शकतो), सगळ्यात जवळचा आयवॉश (डोळे धुवायचा नळ) आणि शॉवर कुठे, फायर एक्स्टिंग्विशर कुठे आणि त्याचा काटा हिरव्यात आहे का. सायरन किती प्रकारे वाजतो ते विचारा, प्रत्येक कंपनीचं कोड वेगळं असतं. छतावर किंवा उंच खांबावर जो विंडसॉक असतो, कापडी पिशवीसारखा, तो रोज गेटमधून आत येताना बघायची सवय लावा. गॅस सुटला तर तो वाऱ्याबरोबर जातो, म्हणून आपण वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाजूला सरकायचं आणि मग वारा जिकडून येतोय तिकडे जायचं. असेंब्ली पॉइंटच गॅस जातोय त्या बाजूला येत असेल तर दुसऱ्या पॉइंटवर, म्हणून दुसरा पॉइंटही विचारून ठेवा.

अजून एक, केमिकल प्लांटमध्ये मोबाइल गेटवर जमा करतात, त्यामुळे कंट्रोल रूमचा इंटरकॉम नंबर डोक्यात पाहिजे. आमच्याकडे मी नवीन मुलांना हेल्मेटच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवायला लावते.

अंगावर काय घालायचं

हेल्मेट आणि शूज सगळेच घालतात कारण गेटवर सिक्युरिटी अडवते. खरी गडबड हातमोजे आणि मास्कमध्ये असते.

केमिकलचे हातमोजे घालायच्या आधी प्रत्येक वेळी तपासायचे. मनगटाकडचं तोंड धरून हातमोजा गोल-गोल गुंडाळत बोटांकडे आणायचा, आत हवा कोंडली जाते आणि बोटं फुगतात, मग गालाजवळ धरायचा. भोक असेल तर गालाला बारीक हवा लागते. दहा सेकंदांचं काम आहे. भोक पडलेला हातमोजा नुसत्या हातापेक्षा वाईट, कारण ॲसिड आत शिरतं आणि तिथेच कातडीला चिकटून राहतं, आणि हातमोजा घातलाय म्हणून आपण निर्धास्त असतो.

मास्कबद्दल, कापडी किंवा पांढरा धुळीचा मास्क सॉल्व्हंटची वाफ अजिबात अडवत नाही. त्यासाठी कार्ट्रिजवाला मास्क लागतो, आणि कार्ट्रिजही त्या-त्या गॅसप्रमाणे वेगळं असतं, कुठलंही उचलून लावायचं नाही. दाढी असेल तर मास्क गालाला नीट बसत नाही आणि कडेने गॅस आत येतो. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, कार्ट्रिज हवा गाळतं, ऑक्सिजन बनवत नाही. जिथे ऑक्सिजनच कमी आहे तिथे तो मास्क घालून जाणारा माणूस मास्क नसलेल्या माणसाइतकाच उघडा असतो.

बायकांसाठी सांगते, ओढणी, मोकळे केस, बांगड्या फिरत्या मशीनजवळ नाही चालत. मंगळसूत्र काढायचं नसेल तर कॉलरच्या आत घालून वरून बटण लावा. पुरुषांचं कडं, अंगठी, हातातला देवाचा धागा ह्यांचंही तेच. मशीनला धाग्याची श्रद्धा कळत नाही, ती बोटासकट ओढते. धागा लॉकरमध्ये डब्यात नीट ठेवा, सुट्टी झाली की परत बांधा.

एमएसडीएस

ज्या ड्रमला हात लावणार त्याची एमएसडीएस, म्हणजे त्या केमिकलच्या सेफ्टीच्या माहितीची शीट मागा. १६ भाग असतात, सगळे पाठ करायची गरज नाही. दुसरा भाग धोका काय ते सांगतो, चौथा फर्स्ट एड, आठवा काय घालायचं. हे तीन वाचा आणि आपल्या भाषेत छोट्या कार्डावर लिहून काढा. माझ्या भाच्याने टोल्युइनचं कार्ड मराठीत लिहिलंय, त्याच्या लाइनवरच्या बिहारच्या मुलाने तेच हिंदीत केलं. टोल्युइन किंवा तसलं कुठलंही पेटणारं सॉल्व्हंट एका ड्रममधून दुसऱ्यात ओतताना अर्थिंगचा क्लिप दोन्हीकडे लागलाय का बघायचं, नुसत्या ओतण्याने स्टॅटिक तयार होतं आणि एक ठिणगी पुरते. आणि रंग किंवा गंज असलेल्या जागेवर क्लिप लावून उपयोग नाही, उघडा धातू लागला पाहिजे.

माझ्या डोळ्याची गोष्ट

मी लॅबमध्ये असताना, नोकरीच्या चौथ्या वर्षी, कॉस्टिक लाय म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या पाण्याचं सॅम्पल घ्यायला गेले होते. गॉगल होता, पण वाफेने धूसर झाला म्हणून वर सरकवला, अर्ध्या मिनिटाचं काम होतं. व्हॉल्व्ह अडकला होता, जोर लावला आणि एकदम उघडला. डाव्या डोळ्यात उडालं. मला आयवॉशची जागा माहीत होती, डोळे मिटून पोचले असते, पोचलेही, पण समोर पॅलेट आणि भरलेल्या बॅगांची थप्पी होती. डिस्पॅचवाल्यांना जागा कमी पडली म्हणून 'आजचा दिवस' ठेवली होती. मी हातांनी चाचपडत होते, बॅगाच लागत होत्या. एका ऑपरेटरने मला खांद्याला धरून फरशी धुवायच्या पाइपकडे नेलं आणि जवळजवळ वीस मिनिटं पाणी मारत राहिला, मी पुरे-पुरे म्हणत होते तरी त्याने सोडलं नाही. डोळा वाचला तो त्या माणसामुळे. ॲसिडपेक्षा अल्कली डोळ्यात जास्त आत उतरत जातं, म्हणून पाणी कमीत कमी १५ मिनिटं, पापण्या बोटांनी उघड्या धरून, लेन्स असेल तर काढून. डॉक्टरकडे न्यायची घाई करून धुणं अर्धवट सोडायचं नाही, आधी पाणी.

नंतर चौकशीत रिपोर्टमध्ये फक्त एवढंच आलं की कर्मचाऱ्याने गॉगल घातला नव्हता. ते खरंच होतं, चूक माझी होती. पण बॅगांबद्दल एक ओळही नव्हती आणि अडकणाऱ्या व्हॉल्व्हबद्दलही नव्हती, जो आधी दोनदा लिहून दिला होता. मला राग त्याचा आला, अजून येतो. म्हणून मी सेफ्टीत आले.

दुसऱ्याच्या जिवावरची कामं: परमिट, लॉक आणि टाकी

काही कामं परमिटशिवाय सुरूच करायची नसतात, वेल्डिंग-कटिंग, उंचीवरचं, इलेक्ट्रिकचं, टाकीत किंवा खड्ड्यात उतरायचं. परमिट म्हणजे सहीचा कागद नाहीये, तो एक प्रश्न आहे की ही जागा ह्या वेळेला कामासाठी तयार केलीये का आणि कुणी केलीये. नवीन माणसाने परमिट बनवायचं नसतं, पण दाखवा म्हणायचा हक्क त्याला पहिल्या दिवसापासून आहे. तारीख, वेळ, जागा आणि गॅस टेस्टचा आकडा एवढं बघा. सकाळच्या शिफ्टचं परमिट संध्याकाळी नाही चालत.

मशीनवर काम असेल तर पॅनलला लॉक आणि टॅग. लॉक तुमचं स्वतःचं, चावी तुमच्या खिशात, टॅगवर तुमचं नाव. चार जण काम करत असतील तर चार लॉक. नुसता फ्यूज काढून 'मी सांगून ठेवलंय' हे लॉक नव्हे, शिफ्ट बदलली की सांगितलेला माणूस घरी जातो. लॉक लावल्यावर स्टार्टचं बटण दाबून बघायचं की मशीन खरंच सुरू होत नाहीये, आणि मग हात घालायचा.

आणि टाकी. रिॲक्टर, ईटीपीचा (सांडपाणी साफ करायच्या प्लांटचा) खड्डा, सांडपाण्याचं चेंबर, खोल गटार, ह्या सगळ्या एकाच जातीच्या जागा आहेत. नायट्रोजन मारलेल्या रिॲक्टरला कसलाच वास येत नाही, आत डोकं घातलं आणि एक-दोन श्वास घेतले की माणूस कोसळतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. सांडपाण्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाक मरतं आणि वास गेला असं वाटतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं धरून माणसं आत उतरलीयेत. म्हणून मीटर लावायचा, ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या मध्ये पाहिजे, वर-मध्ये-खाली तिन्ही ठिकाणी मोजायचा, आणि काम चालू असेपर्यंत मोजत राहायचं. बाहेर एक माणूस कायम उभा, त्याला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही, चहा आणायलासुद्धा नाही.

आत कुणी पडलेला दिसला तर त्याच्यामागे उडी मारू नका. हे सांगताना माझा आवाज नेहमी चढतो. पहिला पडतो, त्याला काढायला त्याचा भाऊ किंवा गाववाला उतरतो, मग तिसरा, पेपरात ही बातमी आपण दरवर्षी वाचतो. बाहेरच्या माणसाचं काम एकच, ओरडायचं, अलार्म द्यायचा, हार्नेसची दोरी बाहेरून खेचायची, हवेचा सेट घातलेली टीम येईपर्यंत हवा आत सोडत राहायचं. तो तुमचा सख्खा असला तरी हेच.

नाही कसं म्हणायचं

मुलं विचारतात, मावशी, साहेबांना नाही म्हटलं तर काढून टाकतील ना? भीती खरी आहे, मी ती खोटी म्हणणार नाही. पण नाही म्हणायची पण पद्धत असते. 'मी नाही करणार' असं तोडून बोलण्यापेक्षा, 'साहेब, करतो, पण गॅस टेस्ट झाली नाहीये, ती झाली की लगेच उतरतो' असं म्हणा. काम अडवताय असं वाटत नाही आणि कमी काय आहे ते सगळ्यांसमोर बोललं जातं. तरी ऐकलं नाही तर सेफ्टी ऑफिसरला सांगा. मोठ्या कंपनीत तो असतोच, ५०० कामगारांवर नेमावाच लागतो आणि घातक प्रोसेस असेल तर २५० वरच. सेफ्टी कमिटीत कामगारांचे प्रतिनिधी असतात, त्यांची नावं नोटीस बोर्डवर बघून ठेवा. आणि जीव जाईल किंवा गंभीर मार बसेल अशी रास्त भीती असेल तर मालकाला सांगून त्याच वेळी सरकारी इन्स्पेक्टरलाही कळवायचा हक्क कायद्याने दिलाय. आपल्याकडे ते खातं म्हणजे 'डिश', इंडस्ट्रियल सेफ्टी अँड हेल्थ, बडोद्यात त्यांचं ऑफिस आहे.

हक्काबरोबर कामही येतं. स्वतःची आणि शेजारच्याची काळजी घेणं, दिलेलं साधन वापरणं, गार्ड किंवा सेन्सर बायपास न करणं, आणि धोका दिसला की कळवणं हे कायद्याने तुमच्यावरही आहे. थोडक्यात वाचलो, अशा घटनेला निअर मिस म्हणतात. वरून स्पॅनर पडला आणि बाजूला पडला, कुणाला लागलं नाही, तरी लिहून द्या, तारखेसह, आणि स्वतःकडे नोंद ठेवा. माझ्या व्हॉल्व्हसारखं दोनदा लिहूनही झालं नाही तर तिसऱ्यांदा लिहा आणि वरच्या माणसाला द्या.

जे नवीन सुपरवायझर किंवा शिफ्ट इन्चार्ज झालेत त्यांच्यासाठी

काल तुम्ही लाइनवर होतात, आज दहा माणसं तुमच्या हाताखाली. तुमचं पहिलं काम, कुणी येऊन काही कळवलं की पहिलं वाक्य काय बोलता ते सांभाळा. 'तू काय करत होतास तिथे?' असं विचारलंत तर तो माणूस परत कधीच काही सांगणार नाही. 'बरं झालं सांगितलंस, चल दाखव' म्हणा आणि खरंच उठून जा.

सकाळचा टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधी सेफ्टीबद्दलचं बोलणं, पाच मिनिटांचा, त्या दिवसाच्या कामाबद्दल, माणसांच्या भाषेत. एकाला विचारा, आज कुठे लागू शकतं? तो सांगेल ते ऐका. नवीन माणसाला रात्रपाळीत एकटं टाकू नका. शिफ्ट देताना लॉग बुकात लिहा आणि तोंडाने पण सांगा, कुठलं लॉक लागलंय, कुठली लाइन उघडी आहे. कॉन्ट्रॅक्टरची माणसं पण तुमच्याच एरियात आहेत, त्यांना लागलं तर 'आमचा नव्हता' म्हणून सुटका नाही. डबल शिफ्ट सारखी लावू नका, ओव्हरटाइमचे दुप्पट पैसे मिळतात म्हणून माणूस नाही म्हणत नाही, पण सोळाव्या तासाला त्याचं डोकं चालत नाही. मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला की बॉयलर, फर्नेस आणि पत्र्याच्या शेडवरची कामं सकाळी लवकर घ्या, पाणी आणि ओआरएस जवळ ठेवा.

आणि लपवू नका. अपघाताने कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर सरकारला नोटीस जावी लागते. 'घरी पडला असं लिही, तुझे पैसे मी देतो' असं सांगणारे मी बघितलेत. असं लिहिलं की त्या माणसाचा कामावरचा मार कागदावर राहतच नाही, तात्पुरत्या अपंगत्वात ईएसआय पगाराच्या ९० टक्के देतं तेही बुडतं, आणि बोट कायमचं वाकडं राहिलं तर पुढचंही सगळं जातं.

ऑफिसमध्ये बसणाऱ्यांना

जिन्याखाली फाइलींचे खोके ठेवू नका, एका एक्स्टेंशन बोर्डवर हीटर आणि किटली लावू नका, फायर एक्झिटचं दार रोज उघडून बघा. दहा किंवा जास्त लोक असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत कमिटी असलीच पाहिजे, तक्रार तीन महिन्यांत करायची, सदस्यांची नावं भिंतीवर पाहिजेत.

झालंच काही तर

१०८ लावा, आग असेल तर १०१ पण. केमिकल अंगावर पडलं तर कपडे काढून शॉवरखाली, तिथे लाजायचं नाही, बाकीच्यांनी चादर धरायची. पेशंटबरोबर त्या केमिकलची एमएसडीएस पाठवा, डॉक्टरला अंदाज करत बसावं लागत नाही. अपघाताच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली का ते स्वतः किंवा मित्राने बघावं, साक्षीदाराचं नाव त्यात पाहिजे. कामावर जाता-येता रस्त्यात अपघात झाला तर तोही ईएसआयमध्ये कामाचाच धरता येतो, हे फार जणांना माहीत नसतं, त्यामुळे बाइकवरून पडलात तरी कंपनीत कळवा.

परवा भाच्याचा फोन आला होता. त्याने त्याच्या लाइनवरचा आयवॉश उघडून बघितला, पहिलं पाणी गंजाचं, लालसर, आणि एका बाजूच्या नळीतून येतच नव्हतं. सुपरवायझरला सांगितलं, त्याने दुपारी फिटर पाठवला. आता दर सोमवारी तो पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडून ठेवतो आणि बाजूला टांगलेल्या कार्डावर सही करतो. तुमच्या जागेवर असं कार्ड नसेल तर एक पुठ्ठा आणि सुतळी घेऊन जा, टांगून या.